पांढऱ्या गेंदाशेजारी दुसरा गेंद: त्रिमिती चित्रांतलं घोस्टिंग कसं घालवायचं?

सोनकी_सातारा

नमस्कार मंडळी. साताऱ्यात आम्ही काही जण मिळून शाळेतल्या मुलांना त्रिमिती चित्रं दाखवतो. कास पठारावरची फुलं, लिंबची बारामोटेची विहीर, अजिंक्यताऱ्यावरून दिसणारं शहर, असं आपल्या भागातलंच. साधनं जुजबी आहेत: एकावर एक ठेवलेले दोन जुने एलसीडी प्रोजेक्टर, दोघांपुढे लिनिअर पोलराइज्ड फिल्टर (प्रकाशाची कंपनं एकाच सरळ दिशेत सोडणारे, दोघांचे एकमेकांच्या काटकोनात), लोखंडी गेटला मारतात त्या सिल्व्हर रंगाने रंगवलेला दोन मीटर रुंद प्लायवूडचा पडदा आणि तशाच फिल्टरचे कागदी चष्मे.

बहुतेक चित्रं छान दिसतात. पण ओल्या जांभ्या दगडावरच्या पांढऱ्या गेंदाच्या फुलांचं चित्र लावलं की प्रत्येक फुलाशेजारी त्याच फुलाची फिकट छाया उमटते. मुलं लगेच ओरडतात, "दोन दोन दिसतंय!" विहिरीच्या चित्रात कमानीबाहेरचं आभाळ आणि आतला काळोख जिथे भेटतो, तिथेही दुहेरी कड दिसते.

नवे फिल्टर घ्यावेत, पडदा बदलावा की चष्मे? पैसे वर्गणीचे आहेत, त्यामुळे अंदाजाने खर्च करायचा नाही. जाणकारांनी सांगावं.

आयर्विनकाठ (सांगली)

सोनकीताई, काहीही विकत घेण्याआधी एक तपासणी करा. चष्मा घालून पडद्यासमोर बसा, मान सरळ ठेवा आणि एक डोळा हाताने पूर्ण झाका.

एका डोळ्यानेही दोन फुलं दिसली, तर दुसऱ्या डोळ्याचं चित्र या डोळ्यात गळतंय. घोस्टिंग ते हेच. एका डोळ्याने एकच फूल दिसलं आणि दोन्ही उघडल्यावर दोन झाली, तर गळतीचा संबंध नाही. तिथे दोन चित्रांची जुळणी चुकली आहे किंवा त्यांच्यातलं अंतर डोळ्यांना पेलत नाही. दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत आणि लोक या दोहोंना एकच समजून पैसे घालवतात.

आधी उजवा डोळा, मग डावा, असं वेगवेगळं बघा आणि गेंद व विहीर दोन्ही चित्रांवर बघा.

पोवईनाका

लाल-निळ्या चष्म्यांवर का जात नाही? एक प्रोजेक्टर पुरतो, पडदाही साधा चालतो.

सोनकी_सातारा

@पोवईनाका दादा, फुलांचे रंगच दाखवायचे आहेत हो. सीतेच्या आसवांचा जांभळा रंग त्या चष्म्यातून उरतच नाही.

@आयर्विनकाठ सर, तपासणी केली. गेंद एका डोळ्यानेही दुहेरी दिसतो. उजव्या डोळ्याने जास्त ठळक, डाव्याने अगदी पुसट. विहिरीचं मात्र उलट झालं: एकेका डोळ्याने कमान स्वच्छ एकच दिसते, दोन्ही उघडले की दोन होतात.

आयर्विनकाठ (सांगली)

मग तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत. आधी गेंद घेऊ.

उजव्या डोळ्यात छाया ठळक आहे, म्हणजे डाव्या (डाव्या डोळ्याचं चित्र दाखवणाऱ्या) प्रोजेक्टरचा प्रकाश उजव्या काचेतून आत येतोय. पडदा पोलरायझेशन मोडत असता तर तो दोघांचंही सारखंच मोडतो, म्हणून पडद्यावर माझा पहिला संशय नाही. तुम्ही मारलेल्या रंगात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात. धातूवरून परतलेला प्रकाश आपल्या कंपनाची दिशा बऱ्यापैकी राखतो. साधी डिस्टेंपरची पांढरी भिंत किंवा पांढरा कापडी पडदा ती दिशा पार विस्कटून टाकतो, तिथे कितीही महागडा फिल्टर लावला तरी दोन्ही डोळ्यांना दोन्ही चित्रं दिसणार. थिएटरात सिल्व्हर स्क्रीन असतो तो याचसाठी.

माझा संशय डाव्या प्रोजेक्टरच्या फिल्टरवर आहे. दोन्ही फिल्टर काढा, दिवसा खिडकीसमोर एकावर एक धरा आणि एक हळूहळू फिरवा. एका जागी दोन्ही मिळून जवळजवळ काळे व्हायला हवेत. त्या काळ्यात मध्येच फिकट डाग दिसला, तर तिथे फिल्टर जळलाय. तो लेन्सला अगदी चिकटून बसवला की मधला भाग दिव्याच्या उष्णतेने उतरतो. कडा शाबूत राहतात, म्हणून हातात घेतल्यावर फिल्टर चांगलाच वाटतो.

आणखी एक, मुलं बसतात कशी? लिनिअर फिल्टरमध्ये मान कलली की गळती वाढते, त्याचा हिशोब सरळ आहे: नको असलेल्या आणि हव्या प्रकाशाचं प्रमाण म्हणजे कललेल्या कोनाच्या टॅनचा वर्ग. ५ अंशांवर ते पाऊण टक्का, १० अंशांवर ३ टक्के आणि २० अंशांवर १३ टक्क्यांच्या वर जातं. शेजारच्याच्या खांद्यावर डोकं टेकवून बसलेल्या मुलाला तुमची यंत्रणा कितीही चांगली असली तरी छाया दिसणारच. ४५ अंशांवर तर दोन्ही चित्रं सारखीच दिसतात.

मिरज_तंबोरा

मानेचा त्रास टाळायला आम्ही मल्टिप्लेक्समधले चष्मे आणून बघितले होते. सगळंच दुहेरी. चष्मे खराब होते का?

आयर्विनकाठ (सांगली)

दादा, चष्म्यांत काही दोष नसणार. थिएटरातले चष्मे बहुधा सर्क्युलर असतात, म्हणजे कंपनाची दिशा गोल फिरत असलेल्या प्रकाशासाठी केलेले. रिअलडी पद्धतीत प्रोजेक्टरपुढचा द्रवस्फटिकाचा पडदा प्रत्येक चित्राला आळीपाळीने डावं आणि उजवं सर्क्युलर पोलरायझेशन देतो. सेकंदाला २४ चित्रं, दोन डोळे आणि प्रत्येक चित्र तीनदा, असे १४४ झोत. तुमचे फिल्टर लिनिअर असतील तर त्या चष्म्याच्या दोन्ही काचांतून प्रत्येक चित्राचा निम्मा निम्मा प्रकाश येतो. फिल्टर कितीही फिरवलात तरी हे प्रमाण बदलत नाही. फिल्टर आणि चष्मे एकाच जातीचे हवेत.

पूर्ण सर्क्युलर यंत्रणा केली तर मान कललेली बरीच चालते. मात्र त्यातला पाव तरंगाचा थर (सरळ कंपनाला गोल करणारा) साधारण हिरव्या रंगाला नेमका बसेल असा केलेला असतो. लाल आणि निळा थोडे सुटतात, म्हणून उरलेली छाया जांभळट दिसते. हे फिल्टर पालथे लावायचे नाहीत, हेही ध्यानात ठेवा. तसे लावले तर त्यातून लिनिअर प्रकाशच बाहेर पडतो आणि पुन्हा सगळं दुहेरी.

कऱ्हाड_प्रीतिसंगम

धाग्याशी संबंधित आहे म्हणून विचारतो. आमच्याकडेही दोन एलसीडी प्रोजेक्टर आहेत. फिल्टर उभा लावला की चित्र हिरवं होतं, आडवा लावला की जांभळं. प्रोजेक्टर बिघडलेत असं दुकानदार म्हणतो. बिघडलेत का?

आयर्विनकाठ (सांगली)

नाही, बिघडलेले नाहीत. तीन पॅनेलच्या एलसीडी प्रोजेक्टरमधून येणारा प्रकाश मुळातच पोलराइज्ड असतो आणि तीन रंग एकत्र आणणाऱ्या प्रिझममुळे बऱ्याच मॉडेलांत हिरवा रंग लाल-निळ्याच्या काटकोनात असतो. उभा फिल्टर एकाला सोडतो, आडवा दुसऱ्याला. एक फिल्टर ४५ अंशांवर आणि दुसरा १३५ अंशांवर लावा, तिन्ही रंग सारखे येतील. चष्मेही त्याच कोनांचे घ्या. बाजारात मिळणारे बहुतेक लिनिअर चष्मे याच कोनांचे असतात. निम्म्याहून जास्त प्रकाश फिल्टरमध्ये जिरेल आणि तेवढी उष्णता तिथेच राहील, म्हणून फिल्टर लेन्सपासून वीतभर पुढे, जिथे झोत पसरलेला असतो तिथे बसवा. डीएलपी (बारीक आरशांनी चित्र उमटवणाऱ्या) प्रोजेक्टरला रंगांची ही अडचण येत नाही.

हळदपेठ

माझ्याकडे जुना थ्रीडी टीव्ही आहे, घरचे वापरत नाहीत. शाळेला देऊ का? त्यात ही भानगड असते का?

वेण्णाकाठ

टीव्ही कोणत्या जातीचा त्यावर आहे. चष्मे साधे, बिनबॅटरीचे असतील तर तो पॅसिव्ह. त्यात पडद्याच्या ओळी आळीपाळीने दोन डोळ्यांना वाटून दिलेल्या असतात, १०८० पैकी ५४० एका डोळ्याला, ५४० दुसऱ्याला. ओळींवर चिकटवलेल्या पट्ट्यांचा थर पडद्याच्या किंचित पुढे असतो, त्यामुळे समोरून, टीव्हीच्या उंचीवरून बघितलं तरच ओळ आणि पट्टी नीट जुळते. शाळेत टीव्ही भिंतीवर उंच टांगतात आणि मुलं जमिनीवर बसतात. खालून बघताना शेजारच्या ओळीची पट्टी मध्ये येते आणि छाया दिसते. टीव्ही खाली उतरवा किंवा पुढे झुकवा, नाहीतर मुलांना मागे बसवा. डाव्या-उजव्या बाजूला बसल्याने एवढा फरक पडत नाही.

बॅटरीचे चष्मे असतील तर तो शटरचा. तिथे गळतीचं कारण वेळ. पॅनेलवर चित्र वरून खाली ओळीओळीने लिहिलं जातं, आधीच्या डोळ्याचं चित्र पुरतं पुसायच्या आत चष्म्याची काच उघडली की शिल्लक चित्र दिसतं. म्हणून अशा टीव्हीवर पडद्याच्या मध्यभागी छाया कमी आणि वर किंवा खाली जास्त असं होतं. थंडीत द्रवस्फटिक आणखी सुस्त होतात. डिसेंबरातल्या सकाळच्या कार्यक्रमाआधी टीव्ही अर्धा तास चालू ठेवा, फरक पडतो.

हळदपेठ

साधे चष्मे आहेत. देतो, पण स्टँडसकट देतो म्हणजे टांगणार नाहीत.

सोनकी_सातारा

आयर्विनकाठ सर, अगदी तसंच निघालं. डाव्या फिल्टरच्या मध्यभागी लिंबाएवढा फिकट डाग आहे, उजवा जवळजवळ स्वच्छ. फिल्टर मोठा होता म्हणून तूर्त तो सरकवून शाबूत कोपरा झोतासमोर आणला आणि लेन्सपासून पुढे बसवला. कोन मात्र पुन्हा जुळवून घेतला. डोळ्याला फरक जाणवतो. पण किती फरक पडला ते आकड्यात कसं काढायचं? वर्गणी देणाऱ्यांपुढे ठेवता येईल.

आयर्विनकाठ (सांगली)

मोबाइलने जमतं. सभागृह पूर्ण अंधारं करा. डाव्या प्रोजेक्टरवर कोरा पांढरा, उजव्यावर कोरा काळा लावा. मोबाइल तिपाईवर, कॅमेरा प्रो मोडमध्ये, आयएसओ सगळ्यात कमी आणि तोच कायम, फोकस आणि व्हाइट बॅलन्सही पक्का करून ठेवा. चष्म्याची डावी काच सरळ धरून लेन्ससमोर ठेवा आणि पडदा मध्यम करडा येईल असा फोटो घ्या. मग उजवी काच ठेवा आणि फोटो तितकाच करडा येईपर्यंत शटरचा वेळ वाढवत न्या. वेळ जितकी पट वाढली, त्याचा व्यस्त म्हणजे गळती. पहिला फोटो १/३० सेकंदाला आणि दुसरा दीड सेकंदाला सारखा आला, तर ४५ पट, म्हणजे गळती सुमारे २.२ टक्के.

फोटोतल्या करड्याच्या आकड्यांचा थेट भागाकार करू नका. मोबाइल ते आकडे डोळ्याला बरे दिसावेत म्हणून वाकवतो. वेळेचं गुणोत्तर मात्र खरं राहतं. प्रोजेक्टरचा काळाही पूर्ण काळा नसतो, थोडा प्रकाश येतच असतो. काटेकोर हवं असेल तर दोन्हींवर काळा लावून तेवढा प्रकाश दोन्ही मापांतून वजा करा.

सोनकी_सातारा

मोजलं. जळालेला मधला भाग लावून जवळपास ४ टक्के येतं, शाबूत कोपरा लावून १ टक्क्याच्या आत. उजव्या फिल्टरचंही तेवढंच. नवे फिल्टर घेणार आहोत, पण आता घाई नाही. पडदा आणि चष्मे तेच ठेवतो. गेंद बराच सुधारला, तरी लक्ष देऊन पाहिलं तर छाया अजून आहे.

आयर्विनकाठ (सांगली)

१ टक्का गळतीही काळ्यावरच्या पांढऱ्यात दिसते, ती शून्य होणार नाही. इथून पुढचं काम चित्रात करायचं. छाया किती टोचते हे तीन गोष्टींवर ठरतं: गळती किती, शेजारच्या भागांत उजेड-अंधाराचा फरक किती आणि दोन चित्रांत त्या वस्तूच्या जागांमधलं अंतर किती. पहिली तुम्ही कमी केलीत. तिसरी तुमच्या हातात आहे.

गेंद हा चित्रातला सगळ्यात उजळ भाग. दोन्ही चित्रं आडवी सरकवून तो नेमका पडद्याच्या पातळीवर आणा, म्हणजे दोन्ही चित्रांत तो एकाच जागी येईल. मग छाया फुलाच्या खालीच दडते. मागचे दगड खोल जाऊ द्या, त्यांच्यात फरक कमी म्हणून त्यांची छाया जाणवत नाही. स्टिरिओ फोटो मेकर नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे काम सहज करतं आणि उभी चूकही आपोआप जुळवतं.

तुमच्या विहिरीचं दुखणं याच कामात सुटेल. दोन मीटर पडद्यावर १२८० पिक्सेल असतील तर ६५ मिलिमीटर म्हणजे साधारण ४२ पिक्सेल. मोठ्या माणसाच्या दोन डोळ्यांत सुमारे तेवढंच अंतर असतं. दूरच्या वस्तूचं अंतर याच्या पुढे गेलं की डोळे बाहेरच्या बाजूला फाकावे लागतात आणि ते जमत नाही, म्हणून दोन कमानी दिसतात. मुलांच्या डोळ्यांतलं अंतर आणखी कमी. मी ५० मिलिमीटर, म्हणजे ३२ पिक्सेलची मर्यादा धरेन. तुमच्या चित्रात किती आहे?

सोनकी_सातारा

समोरची कमान पडद्यावर धरली तर मागची भिंत नव्वदीच्या पुढे जाते. फोटो काढताना कॅमेरा बराच सरकवला होता, खोली जास्त यावी म्हणून.

आयर्विनकाठ (सांगली)

मग ते चित्र पुन्हाच काढायला हवं, कॅमेरा साधारण एक तृतीयांश सरकवून. लिंब तुमच्या जवळच आहे. विहिरीला मुळातच एवढी खोली आहे की वाढवायची गरज नाही. आणि फुलांसाठी: वाऱ्यात दोन फोटोंच्या मध्ये फूल हललं तरी दोन्ही डोळे उघडल्यावर दुहेरी दिसतं. एका मोबाइलने काढत असाल तर वारा पडलेला असताना, शक्य तितक्या लागोपाठ काढा.

उरलेली छाया गणिताने कापायचा मार्ग आहे. उजव्या चित्राचा जितका भाग डाव्या डोळ्यात गळतो, तितका डाव्या चित्रातून आधीच वजा करायचा. थिएटरांतही ही युक्ती वापरली गेली आहे.

वेण्णाकाठ

सर, इथे मी असहमत आहे. वजा करायला खाली काहीतरी शिल्लक लागतं. काळ्यातून वजा काय करणार? म्हणून आधी सगळं चित्र उजळवून काळ्याला करडं करावं लागतं. आणि ते दिसतं त्यापेक्षा महाग पडतं. गळती ३ टक्के असेल तर काळा ३ टक्के प्रकाशापर्यंत वर न्यायचा. गॅमा (फाइलमधला आकडा आणि पडद्यावरचा उजेड यांचं वाकडं नातं) २.२ धरला तर २५५ पैकी तो आकडा सुमारे ५२ येतो! पावसात भिजलेल्या जांभ्याचा काळेपणा जातो आणि सगळं धुक्यात ठेवल्यासारखं फिकं होतं. कासला जाऊन आलेल्या मुलाला ते चित्र कासचं वाटणार नाही. माझं मत, थोडी छाया चालेल, काळा जायला नको.

आयर्विनकाठ (सांगली)

५२ चा हिशोब बरोबर आहे. १ टक्क्याला तो ३१ च्या आसपास येतो, तोही कमी नाही. तुमचं म्हणणं गेंदाच्या चित्राला पटतं. शहराच्या चित्रात, दुपारच्या उजेडात, मुळात खरा काळा फारसा नसतो, तिथे वजाबाकीने काही गमवावं लागत नाही म्हणून वापरावी. चित्रागणिक ठरवायला हवं. करणार असाल तर वजाबाकी प्रकाशाच्या सरळ मापात करा, फाइलमधल्या आकड्यांवर थेट केली तर उजळ भागात जास्त कापली जाते आणि काळी छाया उमटते.

सोनकी_सातारा

गेंदाला वजाबाकी नको, हे मलाही पटलं. फूल पडद्यावर आणून पाहिलं आणि पुढच्या रांगेतून छाया शोधावी लागली. विहीर रविवारी पुन्हा काढतो.

तेरडा

एक वेगळा प्रश्न. ताईंनी गटावर टाकलेलं लाल-निळं चित्र माझ्या मोबाइलवर फार दुहेरी दिसतं. तेच चित्र त्यांच्या लॅपटॉपवर बरं दिसत होतं.

वेण्णाकाठ

गटावर फोटो टाकला की ॲप तो दाबून लहान करतं. जेपेगमध्ये उजेडाचा तपशील पूर्ण ठेवतात, पण रंगाचा बहुधा आडवा-उभा निम्माच. लाल-निळ्या चित्रात डावं-उजवं वेगळं ठेवणारा रंगच असतो, तो पसरला की डावं उजव्यात मिसळतं. पीएनजी करून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. तरीही थोडी छाया उरेल, कारण लाल काचेतून मोबाइलचा हिरवा थोडा येतोच.

मिरज_तंबोरा

सोनकीताईंना एक सुचवतो. व्हीटस्टनने १८३८ मध्ये मांडलेला आरशांचा स्टिरिओस्कोप करून प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवा. दोन आरसे काटकोनात, त्यांची कड नाकासमोर, दोन्ही बाजूंना एकेक छापील फोटो. प्रत्येक डोळ्याला स्वतःचा वेगळा रस्ता असतो, त्यामुळे गळायला जागाच नाही. आरशात चित्र उलटतं, म्हणून फोटो डावं-उजवं उलटून छापा. एका वेळी एकच मूल बघेल खरं, पण पडद्यावर एखादं चित्र बिघडलेलं दिसलं की आधी ते इथे लावून बघायचं. इथेही दुहेरी दिसलं तर फोटोच पुन्हा काढावा लागेल. इथे स्वच्छ दिसलं तर फिल्टर-पडद्याकडे वळायचं.

सोनकी_सातारा

हे फार कामाचं आहे. आरसे मोठे लागतील का?

मिरज_तंबोरा

तळहाताएवढे पुरे. फोटो मोठे छापणार असाल तर ते थोडे लांब ठेवा आणि दोन्ही आरशांपासून अंतर तंतोतंत सारखं ठेवा, नाहीतर एक चित्र लहान दिसतं आणि डोळे दमतात. पातळ आरसा घ्या. जाड काचेत पुढच्या पृष्ठभागाचं फिकट प्रतिबिंब सरकून वेगळं दिसतं आणि तिथे पुन्हा छाया येते. समोरच्या बाजूने मुलामा दिलेला आरसा मिळाला तर सगळ्यात उत्तम, जुन्या स्कॅनरमध्ये असतो तसा. माझ्याकडे भंगारातल्या स्कॅनरमधून काढलेले दोन आहेत. पट्टीसारखे अरुंद आहेत, पण लहान फोटोंना चालतील. साताऱ्याला येणारं कोणी असेल तर त्यांच्याकडे देतो.

कऱ्हाड_प्रीतिसंगम

मी शनिवारी मिरजेहून निघणार आहे, ते घेऊन कऱ्हाडपर्यंत आणतो. पुढे सोनकीताईंनी एसटी स्टँडवर कोणाला तरी पाठवावं. आणि ४५ अंशांवर फिल्टर लावले, रंग सारखे आले. आभार.